न वाचलेला शेवट

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बाबांना नाही, कॉलेजातल्या मैत्रिणींना नाही, देवळात उभी राहते तेव्हा देवीलाही नाही. तिच्यापुढे बाकी सगळं बोलते, हे तेवढं वगळते. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसासमोर माझी ही जीभ, जी एरवी कुणाच्या बापाला ऐकत नाही, नेमकी याच जागी टाळ्याला चिकटते.

मी कोल्हापुरात एका कॉलेजात मराठी शिकवते. लग्न केलं नाही. गंगावेशीजवळच्या आमच्या जुन्या गल्लीत मी आणि बाबा राहायचो. शिकवणं हा माझा पेशा, पण माझं खरं वेड म्हणजे व्याख्यान. माईक हातात आला की मला चेव चढतो. समोरची माणसं हसली, की आणखी हसवावीशी वाटतात. पुस्तकांवर बोलायला मला साताऱ्यापासून निपाणीपर्यंत बोलावतात. शाल, नारळ, चहा, आणि परत येताना गाडीत 'मॅडम, काय बोललात!' — मला हे सगळं आवडतं. खोटं कशाला बोलू? फार आवडतं.

आणि आता सदाआप्पांबद्दल सांगायला हवं. त्यांच्याकडे यायचं टाळतच होते मी.

प्रत्येक गल्लीत एक माणूस असतो — कुणाकडे मयत झालं की सगळ्यांत आधी पोचणारा. आमच्याकडे ते सदाआप्पा. उद्यमनगरात फाउंड्रीत नोकरी करून निवृत्त झालेले, बायको गेलेली, एक मुलगी उचगावात दिलेली. बांबू कुठून आणायचे, ताटी, म्हणजे तिरडी, कशी बांधायची, जाळायला शेणी किती लागतील, कुणाला फोन करायचा, कुणाला करायचा नाही — सगळं आप्पा. घरची माणसं सुन्न होऊन बसलेली असायची आणि आप्पा धोतर खोचून अंगणात ओरडत असायचे. 'आरं दोरी आन की! बगत काय उभारलाईस?' पैसा घेत नसत, चहासुद्धा नाही. पण बोलावलं नाही, तर मात्र महिनाभर रुसायचे.

सज्जन माणूस, असं तुम्ही म्हणाल. होतेच. पण मला ते आवडायचे नाहीत. माझी आई गेली तेव्हा मी तिच्या उशाशी बसून रडत होते, आणि आप्पा चारचौघांत माझ्या अंगावर ओरडले होते — 'रडणं मागनं हाय की मॅडम! आदी आईच्या अंगावरचं सोनं उतरा. हातं फुगल्यावर बांगड्या निघत न्हाईत.' त्यांचं बरोबरच होतं. बांगड्या खरंच निघेनात, साबण लावावा लागला. पण ते वाक्य माझ्या मनात बसलं ते बसलंच. आप्पा दिसले की मला आईचे फुगलेले हात दिसायचे. आता, यात त्यांचा काय दोष? काही नाही. तरी राग होता. बाबांचे मात्र ते जिवलग, बाबांना 'मास्तर' म्हणायचे. रोज संध्याकाळी दोघं गंगावेशीच्या कट्ट्यावर जाऊन, समोर म्हशीची धार काढून दिलेलं दूध प्यायचे आणि ओठांवर फेस घेऊन घरी यायचे.

तर, ती कादंबरी.

गगनबावड्याकडचा एक बँकेत नोकरी करणारा तरुण, निलेश. त्यानं एक रहस्यकादंबरी लिहिली होती, 'पाचवा खांदेकरी'. एकामागून एक खून करणाऱ्या माणसाची गोष्ट. आमच्याकडच्या वाचनालयानं तिच्यावर चर्चा ठेवली. ज्यांनी बोलायचं होतं ते आयत्या वेळी आजारी पडले आणि फोन मला आला. विषय अगदी परीक्षेच्या पेपरात शोभेल असा — कथानक, व्यक्तिरेखा आणि आशय. मी हो म्हणाले. माझ्या तोंडून नाही कधी येतच नाही.

घाटमाथ्यावरचं एक गाव, महिनोन्महिने पाऊस. एकटी राहणारी म्हातारी माणसं एकेक करून मरतात. झोपेत गेली, असंच सगळ्यांना वाटतं. आणि प्रत्येक मरणाला एक माणूस सगळ्यांच्या आधी हजर असतो, कधी कधी तर निरोप जायच्याही आधी. हातात दोरी, काखेत बांबू. त्याचं नाव भैरू. गावाला हळूहळू शंका यायला लागते. निलेशनं ती शंका फार छान चढवत नेली होती. मी वाचत होते आणि मला प्रत्येक पानावर आप्पा दिसत होते.

टेबलावर युनिव्हर्सिटीच्या पेपरांचा गठ्ठा पडला होता. त्यात बाबांची चुलतबहीण मुक्कामाला आली. माझं पुस्तक दोन-तृतीयांशाच्या आसपास अडलं. पण मला काय, भैरूच खुनी आहे हे मी मधेच ओळखलं होतं! पंचवीस वर्षं कादंबऱ्या शिकवते आहे, मला एवढं कळणार नाही? खात्रीसाठी शेवटचं पान तेवढं उघडलं. गाव भैरूच्या दारात गोळा झालं आहे आणि भैरू आतून कडी काढायला तयार नाही — असं काहीसं होतं. म्हटलं, झालं. सापडला चोर. मिटलं पुस्तक.

म्हणजे मी ते पुस्तक पूर्ण वाचलं नव्हतं. बघा, लिहून टाकलं. केवढंसं वाक्य आहे! अर्धवट वाचून बोलणारी मी काही जगातली पहिली नाही. आम्हा वक्त्यांत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते आणि तेरी भी चूप, मेरी भी चूप असा कारभार असतो. एवढ्यासाठी कुणी कबुलीजबाब देत नाही. पुढचं ऐका.

सभागृह भरलं होतं. बाबा आले होते, आणि बाबांबरोबर आप्पाही. स्वच्छ धुतलेली टोपी घालून पुढच्याच बाजूला बसले होते. मी उभी राहिले. कथानकावर बोलले, सस्पेन्सच्या पायऱ्या दाखवल्या. मग व्यक्तिरेखेकडे आले आणि माझा घोडा उधळला. मी म्हणाले, भैरूकडे नीट बघा. चारचौघं जिवंत असताना या माणसाला कुणी विचारत नाही. कुणीतरी मेलं, की हा गल्लीचा राजा होतो. सगळे त्याचं ऐकतात. त्याची सेवा ही सेवा नाही, ती भूक आहे. आणि अशा माणसाला मरणं पुरेनाशी झाली तर तो काय करेल? लोक गप्प झाले होते. मला कळलं, सभा माझ्या मुठीत आहे.

मग मी म्हणाले — मला शब्द न् शब्द आठवतो, न आठवून कसं चालेल, तो सगळ्यांच्या फोनमध्ये आहे — मी म्हणाले, 'असा भैरू बघायला गगनबावड्याला जायला नको. आमच्या गल्लीतसुद्धा आहे. घरात कुणाला साधा ताप आला तरी आम्ही आधी दाराला कडी घालतो!'

हॉल हसून कोसळला. आणि आप्पा, काय सांगू तुम्हाला, आप्पा उठून उभे राहिले. त्यांना वाटलं, मॅडमनी भर सभेत आपलं कौतुक केलं. त्यांनी मागं वळून सगळ्यांना हात जोडले. चेहरा फुललेला. मग तर हशा थांबेचना.

मी नाव घेतलं नव्हतं. हे वाक्य मी पुढं स्वतःशी किती वेळा म्हटलं असेल. नाव मी घेतलं नव्हतं, तेच उठले. पण त्यांना 'आप्पा, बसा, तसं नाही' म्हणायला मला कुणी अडवलं होतं? मी पाणी प्याले आणि आशयाकडे वळले.

शेवटी निलेश बोलायला उठला. म्हणाला, 'मॅडमनी आज जे केलं त्याला मोठं मन लागतं. ज्यांनी कादंबरी वाचली आहे त्यांना कळेल.' मला वाटलं, रीतीप्रमाणे स्तुती करतोय. मी मान तुकवली.

तुमच्या लक्षात आलं असेल. मला तेव्हा आलं नाही.

आमच्या गल्लीतल्या तालमीच्या पोरांनी माझ्या बोलण्याचा तेवढाच तुकडा काढला — माझं वाक्य, हशा, आणि हात जोडणारे आप्पा — आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो कुठं कुठं गेला. सुरुवातीला नुसती मस्करी होती. पोरं 'भैरूआप्पा, आज कुणाचा नंबर?' म्हणायची. आप्पा हसायचे, 'तुझाच की रं भाड्या!' म्हणायचे. त्यांना हे मानाचंच वाटत होतं. आपल्यावर पुस्तक निघालंय, असं त्यांनी मुलीलाही सांगितलं.

मग त्या पावसाळ्यात आमच्याकडे पाठोपाठ काही म्हातारी माणसं गेली. वयानं गेली, दम्यानं गेली. आप्पा त्यांच्या सवयीप्रमाणे आधी विचारपूस करायला जायचे, आणि मग पुन्हा त्या घरी बांबू घेऊन जायची पाळी यायची. यात नवीन ते काय होतं? वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. पण आता लोकांना दिसायला लागलं. मी दाखवलं होतं ना. मस्करी कधी संपली आणि भीती कधी सुरू झाली, कुणालाच सांगता येणार नाही. शेजारच्या शांताक्का अंथरुणाला खिळल्या होत्या. आप्पा त्यांना बघायला गेले तर सुनेनं दार अर्धंच उघडलं. 'आप्पा, तुमी नगा येऊ. घाबरत्यात त्या.' आणि कडी घातली. मी आमच्या खिडकीतून बघत होते. आप्पा बराच वेळ त्या बंद दारासमोर उभे होते.

शांताक्का गेल्या तेव्हा ताटी बांधायला कुणीतरी दुसऱ्या पेठेतला माणूस आणला. आप्पा घरात बसून होते.

मी त्या सुनेला एकदा गाठून म्हटलं, 'अहो, मी आपलं गमतीनं बोलले होते हो. तसं काही नसतं.' तिनं माझा हात धरला. म्हणाली, 'मॅडम, तुमी सांगिटलं म्हणून तर आमचं डोळं उगडलं. आता तुमी मोठ्या मनानं झाकताय.' उचलली जीभ लावली टाळ्याला, असं माझंच झालेलं होतं, आणि जीभ उचलायला लागतो त्याच्या शंभरपट जोर ती मागं घ्यायला लागतो. माझ्यात तो नव्हता.

आणि मग एका रविवारी सकाळी आप्पा आमच्या दारात आले. बाबा अंघोळीला गेले होते. आप्पांच्या हातात ते पुस्तक होतं. कव्हरला वर्तमानपत्र घातलेलं. चेहऱ्यावर राग असेल असं मला वाटलं होतं, आणि त्याला मी तयार होते. पण माणूस आनंदात होता हो! पायरीवरूनच म्हणाले, 'मॅडम, आवं ह्यात भैरू न्हाईच की! त्यो कंपाउंडर हाय, सुई टोचाय येतोय त्यो! भैरू बिचारा शेवटपातूर ताट्याच बांदतोय!'



ते सांगत होते आणि मला पहिल्यांदा कळत होतं. घरोघर इंजेक्शन द्यायला जाणारा, गोड बोलणारा, सगळ्यांचा लाडका कंपाउंडर खुनी निघतो. भैरूवर गाव उगाच संशय घेतं, त्याला वाळीत टाकतं, आणि शेवटी गाव त्याच्या दारात येतं ते त्याला धरायला नाही. माफी मागायला येतं. कादंबरी त्याच्याबद्दल होती. निर्दोष माणसावर गाव कसं उलटतं, हाच तर तिचा आशय! आणि मी आशयावर वीस मिनिटं बोलले होते. निलेशला वाटलं होतं, मॅडमनी मुद्दाम शेवट लपवला, श्रोत्यांना चकवलं, म्हणून त्यानं मोठं मन म्हटलं. ज्या मूठभर लोकांनी पुस्तक वाचलं होतं त्यांनाही तसंच वाटलं असणार. बाकीच्यांनी वाचलंच नाही. त्यांना माझं भाषण पुरलं.

आप्पांचं मागणं किती लहान होतं. म्हणाले, 'तुमी येकडाव ग्रुपवर टाका न्हाईतर सबेत बोला. तुमचं आयकत्यात लोकं. भैरू तसा न्हाई एवडंच सांगा. माझं काय न्हाई वो, पण आता कोन मला घरात घिना.'

एक वाक्य म्हणायचं होतं मला. 'आप्पा, मी पुस्तक पूर्ण वाचलं नव्हतं. चुकले.' पायरीवर आम्ही दोघंच होतो. न्हाणीघरातून बाबांच्या स्तोत्राचा आवाज येत होता. एवढं म्हटलं असतं तर पुढचं सगळं — पण मी ते म्हटलं नाही.

मी काय म्हटलं ते सांगते. मी वर्गात बोलते त्या आवाजात म्हणाले, 'आप्पा, मला ते माहीत आहे. पण रहस्यकथेचा शेवट असा चारचौघांत सांगायचा नसतो. तो सांगितला की पुस्तक कोण विकत घेणार? लेखकाचं नुकसान होतं. साहित्यात तसा नियम आहे.'

मला ते माहीत आहे, असं म्हणाले मी. ऐकलंत ना?

आप्पा विचारात पडले. मग म्हणाले, 'व्हय, ते बी खरंच की. त्या पोराचं नुकसान कशापायी करायचं?' आणि पुस्तक काखेत मारून, 'मग मी बी न्हाई बोलत कुनाजवळ.'

त्यांच्या हातात स्वतःला सोडवायची एकच गोष्ट होती, आणि तीही मी काढून घेतली. जोर लावावा लागला नाही, त्यांनी आपल्या हातानं दिली. चहा घ्या, असंसुद्धा मी म्हणाले नाही. ते गेले आणि मला सुटल्यासारखं वाटलं. खरंच तसं वाटलं. लाज नंतर आली, दुसऱ्या दिवशी, ऑफ तासाला स्टाफरूममध्ये बसून मी ती उरलेली पानं वाचली तेव्हा. वाचताना माझ्यातली परीक्षक जागीच होती. तिला तो शेवट जरा सोपा वाटला — अख्खं गाव एका झटक्यात शहाणं होतं, असं कुठं असतं का, वगैरे. एवढं होऊनही मी मनातल्या मनात त्या कादंबरीला मार्क देत होते.

त्यानंतर आप्पांचं येणं कमी झालं. वर्षभरानं बाबा न्हाणीत घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि ते जे आडवे झाले ते उठले नाहीत. आप्पा बघायला आले नाहीत. का, ते मला कळत होतं. आजारी माणसाच्या घरी त्यांनी पाऊल टाकणं म्हणजे काय, हे त्यांना गल्लीनं शिकवलं होतं. आमच्या घराला तो बट्टा नको, म्हणून ते येत नव्हते. सभेतलं माझं वाक्य बाबांनी मस्करी म्हणून ऐकलं होतं, पण पुढं त्यातून काय झालं ते त्यांना ठाऊक नव्हतं. ते व्हिडिओ बघणारे नव्हते आणि त्यांच्यापुढे कुणी बोलायचं नाही. संध्याकाळ झाली, दूध प्यायची वेळ झाली, की ते विचारायचे, 'सदा आला न्हाई?' मी सांगायचे, 'आप्पा लेकीकडे गेलेत, उचगावला.' दुसऱ्या दिवशी पुन्हा, 'सदा आला न्हाई?' माझं तेच उत्तर. आप्पांचं घर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. मी जाऊन त्यांचा हात धरून त्यांना आणू शकत होते. गल्लीसमोरून, दिवसाढवळ्या. पण ते आले असते, बाबांजवळ बसले असते, बोलता बोलता सगळा विषय निघाला असता, आणि बाबांनी माझ्याकडे बघितलं असतं. बाबांच्या त्या बघण्याला मी भ्याले. म्हणून रोज खोटं बोलले. शेवटी शेवटी तर बाबा रागवायला लागले होते — 'एवढं काय लेकीकडं ठाण मांडलंय त्येनं? निरोप धाड त्येला, म्हणावं मी बोलावलंय.' मी 'हो, धाडते' म्हणायचे.

बाबा गेले. वारणानगरहून माझा चुलतभाऊ विलास आला, भावकी आली. अंगणात ताटी बांधायला घेतली. कुणालाच नीट येत नव्हतं. गाठ सुटायची, पुन्हा बांधायची. मी दारात उभी होते. समोर, रस्त्याच्या पलीकडे, विजेच्या डीपीच्या बाजूला आप्पा उभे होते. धोतर खोचलेलं. ते अलीकडे आले नाहीत. विलास गाठ मारत होता आणि पलीकडे आप्पांचे हात आपोआप हलत होते, दोरी कशी घ्यायची, कुठून ओढायची. मी बघितलं. त्यांनीही मला बघितलं. 'आप्पा, या' — दोन शब्द. माझ्याच बापाचं मयत, माझंच अंगण, मला कोण अडवणार होतं? भावकीतल्या बायका माझ्या दोन्ही बाजूंना होत्या. त्यातली एक कुजबुजली, 'त्योच न्हवं का गं त्यो?' मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, रडते आहे.

रक्षाविसर्जन झालं, पाहुणे गेले. काही महिन्यांनी कळलं, आप्पांनी गल्लीतली खोली सोडली आणि खरंच उचगावला लेकीकडे राहायला गेले. इतके दिवस मी बाबांना सांगत होते ते खोटं असं खरं झालं. मी मनाचा हिय्या करून तिकडे गेले. या वेळी सांगायचंच, असं ठरवून. रिक्षात बसून वाक्यं जुळवत होते, व्याख्यानाला जुळवते तशी.

आप्पा बारीक झाले होते. मला बघून गडबडले. लेकीला चहा टाकायला लावला, खुर्ची स्वतःच्या टॉवेलनं पुसली. म्हणाले, इथं बरं हाय, इथं कोन वळकत न्हाई. मग थोडं पुढं झुकून, हळू आवाजात, लेकीला ऐकू जाऊ नये असं — 'मॅडम, त्यो शेवट आजून मी कुनाला सांगिटला न्हाई बरं का. पोरीला बी न्हाई.' त्यात केवढा अभिमान होता. मी नियम सांगितला होता आणि त्यांनी तो पाळला होता.

जुळवलेलं एकही वाक्य तोंडातून बाहेर पडलं नाही. मी म्हणाले, 'बरं केलंत.'

चहा आला. कप खाली ठेवताना आप्पांनी विचारलं — बघत होते दुसरीकडेच — 'मास्तरांनी शेवटाला माझी आटवन काडली हुती का वो?'

आता हो म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला. मग मला का न्हाई बोलावलं?

मी म्हणाले, 'नाही आप्पा. शेवटी शेवटी ते कुणालाच ओळखत नव्हते.'

'मग बेस झालं,' म्हणाले. 'मला वाटायचं, वाट बगत आसंल.' आणि मोकळं हसले, कितीतरी दिवसांनी हसल्यासारखे.

त्यांना बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलले, असं तुम्ही समजू नका. आप्पांनी मला काही विचारू नये म्हणून बोलले. बाबा शेवटच्या संध्याकाळपर्यंत पूर्ण शुद्धीत होते. दाराकडे तोंड करून निजवा म्हणायचे, कुणी आलं तर दिसावं म्हणून. मीच त्यांची कूस वळवून द्यायचे.